एलिझाबेथ ऑफ टोरो खरंच सौंदर्यस्पर्धेतून आल्या का?

वाचनालय_कुडाळ

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात मुलींसाठी एक फळा आहे, दर महिन्याला एका बाईची ओळख लिहितो. मागच्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर आला: "आफ्रिकेतली राजकन्या, आधी सौंदर्यसम्राज्ञी, मग वकील, मग राजदूत." खाली नाव होतं एलिझाबेथ ऑफ टोरो, युगांडा. मला आवडलं, लिहायला घेतलं. तर एका पालकांनी येऊन सांगितलं, "मॅडम, मुलींना असल्या मॉडेलचं कशाला सांगता? वकिलाचंच सांगायचं तर दुसऱ्या कुणाचं सांगा." मी तेव्हा गप्प बसले, पण मनाला लागलं.

माझे प्रश्न: तिने कुठली स्पर्धा जिंकली होती? मजकुरातला क्रम बरोबर आहे का? आणि आठवी-नववीच्या मुलींसमोर हे कसं मांडावं?

पथिक७२

ताई, स्पर्धा वगैरे काही नाही. त्या मॉडेल होत्या, पण मुकुटवाल्या सौंदर्यसम्राज्ञी नव्हत्या. मजकूर लिहिणाऱ्याची बहुतेक जेनिफर होस्टन यांच्याशी गल्लत झालीय. त्या ग्रेनाडाच्या, 1970 च्या मिस वर्ल्ड. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये भर कार्यक्रमात बायकांनी पिठाच्या पिशव्या फेकून निदर्शनं केली, तीच स्पर्धा. पुढे त्या कॅनडात ग्रेनाडाच्या उच्चायुक्त झाल्या. पण त्या वकील नव्हत्या.

काळा_कोट_रत्नागिरी

हा धागा बघितल्यावर राहवेना, म्हणून सविस्तर लिहिते. मी 1992 पासून इथल्या कोर्टात वकिली करते आणि माझा जन्म युगांडातला, जिंजाचा. बाबा तिथे कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेबनीस होते.

ताई, तुमच्या मजकुरातला क्रमच उलटा आहे, आणि माझ्या मते सगळी गोष्ट त्या क्रमातच आहे.

एलिझाबेथ यांचा जन्म 1936 चा. टोरो म्हणजे पश्चिम युगांडातलं राज्य, रुवेंझोरी डोंगरांच्या पायथ्याशी, राजधानी फोर्ट पोर्टल. वडील तिथले राजे. शिक्षण आधी गायाझाच्या मुलींच्या शाळेत, मग इंग्लंडमध्ये शेरबर्नला. तिथे अख्ख्या शाळेत ही एकटी काळी मुलगी. मग केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात कायदा, 1962 ला पदवी. आणि 1965 साली इंग्लंडमध्ये बॅरिस्टर. पूर्व आफ्रिकेतून इंग्लंडच्या बारमध्ये, म्हणजे तिथल्या बॅरिस्टरांच्या यादीत, दाखल झालेली ही पहिली बाई. इथपर्यंत मॉडेलिंगचं नावही नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी वडील गेले, भाऊ गादीवर बसला. टोरोत राजाच्या बहिणीला "बटेबे" म्हणून रीतसर पद असतं, नुसता मान नव्हे. ते हिच्याकडे आलं. पण 1967 ला युगांडाचे राष्ट्राध्यक्ष ओबोटेंनी नवी राज्यघटना आणून सगळी राज्यंच रद्द केली. ही जवळपास नजरकैदेत. अशात इंग्लंडच्या राणीच्या बहीण राजकन्या मार्गारेट यांच्याकडून लंडनला राष्ट्रकुलाच्या फॅशन शोमध्ये भाग घेण्याचं आमंत्रण आलं आणि ती देशाबाहेर पडली. म्हणजे बघा, रॅम्प ही तिची हौस नव्हती, दार होतं. त्या दारातून ती लंडनला, मग न्यूयॉर्कला गेली आणि 1969 ला हार्पर्स बाजार या फॅशन मासिकाच्या मुखपृष्ठावर आली. तेव्हा ती बॅरिस्टर होऊन चार वर्षं झाली होती.

मग माणसं "सौंदर्यवती ते वकील" असं का लिहितात? कारण तो क्रम ऐकायला गोड लागतो. चेहरा आधी, डोकं नंतर. माझ्या पहिल्याच तारखेला पक्षकाराने मला बाकावर बसलेली बघून विचारलं होतं, "मॅडम, मोठे साहेब कधी येणार?" हातात त्याचंच वकीलपत्र होतं माझ्या, खाली सही माझी. तो माणूस वाईट नव्हता. त्याच्या डोक्यात बाईला त्या जागेवर बघायची सवयच नव्हती.

पथिक७२

वकीलताई, फार छान लिहिलंत. पण एक खटकतं. या बाई युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याच्या परराष्ट्रमंत्री होत्या ना? तुमचं कुटुंब तिथूनच हाकललं गेलं असेल, तरी तुम्ही त्यांच्या बाजूने कशा?

काळा_कोट_रत्नागिरी

पथिकदादा, प्रश्न रास्त आहे. मी तो स्वतःला कितीतरी वेळा विचारलाय.

ऑगस्ट 1972 मध्ये अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. मी पाच वर्षांची. गाडीने मोंबासाला निघालो, वाटेत सैनिक चढले. आईजवळ रव्याच्या लाडवांचा पितळी डबा होता. आत दागिने असतील म्हणून एकाने बंदुकीची संगीन वरून लाडवांत खुपसली, ती इतक्या जोरात की तळाला भोक पडलं. लाडू सगळे चुरले. आई एक शब्द बोलली नाही, मोंबासा येईपर्यंत आम्हाला मुठीने तो चुरा भरवत राहिली. तिथून जहाजाने मुंबई. तो डबा अजून माझ्याकडे आहे.

त्या वेळी एलिझाबेथ अमीनच्या फिरत्या राजदूत होत्या. ही गोष्ट मी फळ्यावरून पुसू देणार नाही. पण त्या तिथे गेल्या का, हेही सांगायला हवं. जानेवारी 1971 मध्ये ओबोटे राष्ट्रकुलाच्या बैठकीला सिंगापूरला गेलेले असताना अमीनने सत्ता घेतली. ज्यांची राज्यं ओबोटेंनी बुडवली त्यांना तो सुरुवातीला सुटका करणारा वाटला. परदेशात वारलेल्या बुगांडाच्या (युगांडातलंच दुसरं राज्य) राजाचं पार्थिव त्याने सन्मानाने मायदेशी आणलं, लोक रस्त्यावर उतरून रडले. आमचे बाबासुद्धा पहिले काही महिने त्याचं चांगलं बोलत. माझं मत विचाराल तर 1972 नंतर त्यांनी तिथे थांबायला नको होतं. हे मी त्यांच्याबद्दल आदर ठेवूनच म्हणते.

फेब्रुवारी 1974 मध्ये परराष्ट्रमंत्री मायकेल ओंडोगा यांना काढून त्यांच्या जागी यांना बसवलं. थोड्याच दिवसांत ओंडोगांचं प्रेत नाईल नदीत सापडलं. जिंजाला आमचं घर त्याच नदीच्या काठी होतं. आता विचार करा, ज्या खुर्चीवरचा आधीचा माणूस नदीत सापडतो, त्या खुर्चीवर बसलेली बाई रोज सकाळी काय मनात घेऊन कचेरीत जात असेल! त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांत युगांडाच्या वतीने त्याच बोलल्या.

नोव्हेंबरात अमीनने त्यांना काढलं, आणि कारण काय दिलं? पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावर, स्वच्छतागृहात, एका परक्या गोऱ्या पुरुषाबरोबर संबंध ठेवले. पुरुष मंत्र्यावर फितुरीचा आळ घेतला असता. बाईवर कुठला घ्यायचा हे अशा लोकांना बरोबर ठाऊक असतं. त्यांना घरात कोंडलं. फेब्रुवारी 1975 मध्ये त्या सीमा ओलांडून केनियात निसटल्या आणि लंडनला पोचल्या.

आणि इथे कायदा आला कामाला. ती घाण छापणाऱ्या वृत्तपत्रांवर त्यांनी अब्रुनुकसानीचे दावे लावले आणि जिंकले. मुलींना हे नीट समजावून सांगा: इंग्लंडच्या कायद्यात अशा दाव्यात मजकूर खरा आहे हे छापणाऱ्याला शाबीत करावं लागतं, बदनाम झालेल्या बाईला "मी तशी नाही" हे शाबीत करावं लागत नाही. आपल्याकडच्या दिवाणी दाव्यातही तसंच. गावात एखाद्या मुलीबद्दल काहीबाही उठतं तेव्हा आपण नेमकं उलटं करतो, तिलाच विचारत सुटतो. माझ्याकडे अशी प्रकरणं घेऊन आलेल्या आयांना मी हेच सांगते, की ओझं तुमच्या लेकीच्या डोक्यावर नाही, बोलणाऱ्याच्या डोक्यावर आहे. काही जणी ते ऐकूनच रडायला लागतात.

मीनल_डोंबिवली

अंगावर काटा आला ताई. पुढे काय झालं त्यांचं?

काळा_कोट_रत्नागिरी

अमीन गेल्यावर 1979 ला परत आल्या, पण ओबोटे पुन्हा यायची चिन्हं दिसताच पुन्हा बाहेर. लग्न विल्बर न्याबोंगो यांच्याशी, ते वैमानिक. 1986 मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींनी त्यांना अमेरिकेत राजदूत म्हणून पाठवलं. वॉशिंग्टनला रुजू झाल्या त्याच वर्षी नवरा कासाब्लांकाजवळ विमान अपघातात गेला. दोनेक वर्षांनी ते पद सुटलं.

1993 ला टोरोचं राज्य परंपरेपुरतं परत मिळालं. 1995 ला भाऊ वारला आणि त्याचा मुलगा ओयो अवघ्या तीन वर्षांचा असताना गादीवर बसला. त्याच्या पालकांपैकी एक ही आत्या. पुढे जर्मनीत राजदूत आणि नायजेरियात उच्चायुक्त. यातलं कुठलंही पद मुखपृष्ठामुळे मिळालेलं नाही.

वाचनालय_कुडाळ

वकीलताई, तुमचे कसे आभार मानू! काल फळा पुसून नव्याने लिहिला. वर मोठ्या अक्षरात "बॅरिस्टर एलिझाबेथ ऑफ टोरो", खाली सालं ओळीने: 1962, 1965, 1967, 1969, 1974, 1986. मॉडेलिंग 1969 समोर लिहिलंय, लपवलं नाही. अमीनची नोकरीही लिहिली. ऑर्लीबद्दल एवढंच: "सत्ताधाऱ्याने तिच्या चारित्र्यावर खोटा आळ घेतला. तिने तो छापणाऱ्यांना कोर्टात खेचलं आणि दावे जिंकले."

आज ते पालक पुन्हा आले होते. फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि मुलीला कायद्याची प्रवेश परीक्षा बारावीनंतर असते की पदवीनंतर, असं विचारून गेले. मी दोन्ही वाटा सांगितल्या, पाच वर्षांची आणि तीन वर्षांची. बाकीचं तुम्हाला विचारायला सांगू का?

आणि एक विनंती. तो डबा एकदा मुलींना दाखवायला आणाल?

काळा_कोट_रत्नागिरी

त्यांना जरूर व्यक्तिगत निरोप पाठवायला सांगा, संध्याकाळी सहानंतर मी मोकळी असते. डबा आणते. पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी कोर्टाला सुट्टी आहे, सकाळच्या गाडीने येईन. येताना लाडू करून आणते, पण दुसऱ्या डब्यात.