मेपलचा रस गोळा करायला स्वस्त पण सुरक्षित बादल्या कुठल्या?

लॅनार्ककर
नमस्कार मंडळी, आम्ही कॅनडात ओंटारियोतल्या लॅनार्क काउंटीत राहतो, गेल्या उन्हाळ्यात घर घेतलं आणि मागच्या अंगणात तीन चांगली दांडगी शुगर मेपलची झाडं निघाली. शेजारचे आजोबा म्हणाले फेब्रुवारी संपता संपता टॅपिंग करा, म्हणजे खोडाला भोक पाडून रस काढा आणि तो आटवून पाक करा, पोरांना पण दाखवता येईल. खोडात ठोकायच्या नळ्या आणल्यात, आता अडलंय ते भांड्यांवर, कारण ते झाकणवाले खास बकेट नवीन घ्यायचे तर बरेच महाग पडतायत. माझ्यासमोर तीन पर्याय आहेत, हार्डवेअरच्या दुकानातली रंगीत 20 लिटरची बादली (बुडाला त्रिकोणात 2 लिहिलंय), आजोबांच्या गॅरेजमधल्या जुन्या पत्र्याच्या बादल्या ज्या ते फुकट देतायत, आणि पिण्याच्या पाण्याचे 4 लिटरचे कॅन. 2 नंबर म्हणजे चालतं ना? मुलगी तीन वर्षांची आहे म्हणून जरा जास्तच खोदून विचारतेय.

सातवा_सीझन
ताई, 2 नंबर म्हणजे फक्त एवढंच की प्लास्टिक एचडीपीई आहे. ते फूड ग्रेड, म्हणजे खायच्या पदार्थांसाठी बनवलेलं, आहे की नाही हे त्या आकड्यावरून कळत नाही, त्यात कुठला रंग घातलाय, रिसायकल केलेला माल आहे का, साच्यातून सुटावं म्हणून काय लावलंय, हे सगळं वेगळं असतं. रंगकामाची बादली ती रंगकामालाच. लेबलवर स्पष्ट फूड ग्रेड लिहिलेलं हवं, नाहीतर आत आधी खायचाच पदार्थ होता हे तरी माहीत हवं.

सगळ्यात स्वस्त सांगतो, सुपरमार्केटच्या बेकरी काउंटरवर जा आणि आयसिंगच्या रिकाम्या बादल्या आहेत का विचारा, मला बहुतेक वेळा फुकटच मिळाल्यात, झाकणासकट. झाकणाला लवचिक नळीच्या मापाचं भोक पाडायचं, खोडातल्या नळीला जोडलेली ती लवचिक नळी आत सोडायची आणि बादली झाडाच्या बुडाशी ठेवून वर दगड ठेवायचा, नाहीतर रिकामी बादली वाऱ्याने शेजारच्या अंगणात जाते.

फक्त लोणच्याची बादली घेऊ नका. दुसऱ्या वर्षी मी शेपू-व्हिनेगरवाल्या काकडीच्या लोणच्याची एक आणली, सोडा लावून घासली, आठवडाभर उन्हात ठेवली, उघडी असताना अजिबात वास नव्हता. मग एकदा झाकण लावून रात्रभर ठेवली आणि सकाळी उघडली तर शेपू तसाच्या तसा! तोवर तिच्यातला रस आटवून झाला होता, दीड लिटर पाक ओतून द्यावा लागला, फार वाईट वाटलं.

मॉन्ट्रियलची_मावशी
त्या पत्र्याच्या बादल्यांबद्दल कळकळीने सांगते, नाही म्हणा. आजोबा प्रेमाने देतायत हे कळतं, त्या भिंतीवर टांगून शोभेला ठेवा. जुन्या बादल्यांचे जोड पुष्कळदा शिसं असलेल्या सोल्डरने झाळलेले असायचे, आतून बाजूच्या सांध्यावर बोट फिरवून बघा, करड्या रंगाची जाड रेघ लागते. रस त्यावर तासन्तास पडून राहतो. आणि आपण करतो काय, साधारण 40 लिटर रस आटवून 1 लिटर पाक. दूध आटवून बासुंदी करतो तसंच, जे आत गेलंय ते घट्ट होतं, साखर पण आणि नको ते पण. लहान मुलांना शिसं थोडंही वाईट.

घरात स्टीलचं मोठं पातेलं किंवा कळशी असेल तर खुशाल वापरा, फक्त वर झाकण हवं, नाहीतर बर्फ, पाऊस, खारी आणि किडे सगळे येतात.

डहाणूचा
मी सध्या अमेरिकेत व्हरमाँटला असतो. आमच्याकडे गावाला नीरा काढतात त्या मडक्याला आतून चुना लावतात, का तर नीरा आंबू नये म्हणून, आणि ऊन चढायच्या आत प्यायची. मेपलच्या रसात चुना नाही, इथे थंडीच राखण करते. दिवसा 5-6 अंश आणि रात्री शून्याखाली असं असलं की रस वाहतो, पण दुपारी ऊन लागलेल्या बादलीत तो दुधासारखा नासतो, गढूळ झाला की समजायचं. म्हणून बादली झाडाच्या उत्तरेला सावलीत ठेवा, भोवती बर्फ रचा, रोज रिकामी करा आणि 4 अंशाखाली ठेवून दोन-चार दिवसांत आटवा.

पाण्याचे 4 लिटरचे कॅन चालतात, पण चांगल्या दिवशी एका नळीतून 4 लिटरपेक्षा जास्त येतं आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत रस जमिनीवर. दुधाचे कॅन मात्र नको, कॅनच्या मुठीच्या पोकळीत दूध अडकून राहतं, ब्रश पोचत नाही.

लॅनार्ककर
खूप आभार सगळ्यांचे. आज बेकरीतून तीन आयसिंगच्या बादल्या मिळाल्या. आजोबांच्या बादलीत ती करडी रेघ खरंच सापडली, त्यांनाही दाखवली, ते म्हणाले आमच्या वडिलांनी वापरल्या आहेत, पण ठीक आहे, मुलीला नको. आता शेवटचं, तीन झाडांचा रस एकत्र साठवायला मोठ्या कचऱ्याच्या डब्यात नवी पिशवी घालून चालेल का?

सातवा_सीझन
नको. डबाही खाण्यासाठी बनवलेला नसतो आणि पिशवीही, काही पिशव्यांना तर वास लावलेला असतो. आणखी दोन आयसिंगच्या बादल्या आणा. धुताना आधी गरम पाणी, मग बिनवासाचं ब्लीच एक भाग आणि पाणी वीस भाग, मग साध्या पाण्याने तीनदा खळखळून. साबण नको, चव पाकात उतरते. सकाळी वर बर्फाचा थर दिसला तर काढून टाका, साखर खालच्या रसातच जास्त असते, तेवढा गॅस वाचतो.