एकेटी संपली तरी दम का लागतो?

प्रश्न असा आहे की सहा महिन्यांची एकेटी, म्हणजे क्षयरोगावरच्या गोळ्यांचा कोर्स, पूर्ण झाला, थुंकी निगेटिव्ह आली, तरी दम लागतो आणि एक्स-रेत डाग दिसतो. मग गोळ्या पुन्हा सुरू करायच्या का?

नुसत्या डागावरून अजिबात नाही. तो बहुधा जखमेचा व्रण असतो आणि जन्मभर राहू शकतो. शंका असेल तर थुंकीचं कल्चर (जिवंत जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणी) करा. सीबीनॅट ही थुंकीची जनुकीय तपासणी मेलेल्या जंतूंचा डीएनएही पकडते, त्यामुळे नुकतेच उपचार झालेल्यांत ती फसवी ठरू शकते.

दम मोजायचा तर स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी) हवी, आणि श्वासावाटे औषध दिल्यावर ती पुन्हा करायला हवी. श्वासनळ्या अरुंद झाल्या असतील तर इनहेलरचा उपयोग होतो. फुप्फुस आक्रसलं असेल तर फारसा होत नाही, तिथे सहा ते आठ आठवडे नियमित चालणं आणि फिजिओथेरपी हाच मुख्य आधार. स्टेरॉइडचा पंप मात्र सरसकट नको. त्याने न्यूमोनियाचा धोका वाढतो.

रोज भरपूर बेडका पडत असेल तर श्वासनळ्या कायमच्या रुंदावल्याची शक्यता असते. फुप्फुसाची आजारी बाजू वर ठेवून कुशीवर झोपा, दीर्घ श्वास घ्या, मग तोंड उघडं ठेवून ‘हा’ असा जोरात उच्छ्वास सोडा.

थुंकीत रक्त आलं तर हा व्यायाम थांबवा. जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा असू शकतो; सीटी स्कॅन आणि अ‍ॅस्परजिलस आयजीजी (त्या बुरशीविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी रक्ताची) तपासणी लागते. रक्त जास्त असेल तर आजारी बाजू खाली करून झोपवा आणि थेट रुग्णालय गाठा.

उपचारांनंतर 6, 12, 18 आणि 24 महिन्यांनी तपासणी राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमातच आहे. ती चुकवू नका.