प्रतिसाद: माफीचा कायदा आणि अर्जेंटिनातील आज्या

माफीचा कायदा एकदा झाला की पीडितांची न्यायाची वाट कायमची बंद होते, हे इथे मांडलेले मत अनेक देशांबाबत दुर्दैवाने खरे असले, तरी अर्जेंटिनाचा अनुभव त्याला छेद देणारा आहे. तिथल्या लष्करी राजवटीत (१९७६ ते १९८३) हजारो नागरिक बेपत्ता केले गेले आणि कैदेतल्या गरोदर स्त्रियांची बाळंतपणे छुप्या छळछावण्यांत उरकून त्यांची अर्भके परस्पर इतरांच्या, अनेकदा लष्करी कुटुंबांच्या, स्वाधीन करण्यात आली. नंतरच्या माफीच्या कायद्यांनी बहुतेक अधिकाऱ्यांना खटल्यांपासून संरक्षण दिले. पण मुलांचे अपहरण त्यांतून वगळलेले होते, आणि हीच फट ‘प्लाझा दे मायोच्या आज्यां’नी, म्हणजे बेपत्ता केलेल्यांच्या मुलांचा शोध घेणाऱ्या त्यांच्या आज्यांच्या संघटनेने, चिकाटीने धरून ठेवली.

आईवडीलच हयात नसताना नाते सिद्ध कसे करायचे, हा खरा पेच होता. आजी-आजोबांच्या रक्तावरून ते ठरवण्याची पद्धत या आज्यांच्याच आग्रहातून विकसित झाली आणि १९८७ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय जनुकीय माहितीपेढी कायद्याने स्थापन झाली. आधीच्या शिक्षेतून माफी मिळालेल्या त्या राजवटीच्या हुकूमशहा व्हिडेलाला १९९८ मध्ये पुन्हा अटक झाली, ती अर्भकांच्या चोरीच्या आरोपावरूनच. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माफीचे कायदेच घटनाबाह्य ठरवले आणि २०१२ मध्ये, अर्भकांच्याच खटल्यात, व्हिडेलाला ५० वर्षांचा कारावास सुनावला गेला.