मदत हवी आहे : पायथनच्या ‘इजअल्फा’च्या नोंदीत मात्रांचा उल्लेख कसा सुचवावा?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात पदविका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतो. पायथनच्या प्रमाण लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये एक छोटी भर सुचवायची माझ्या मनात आहे. ती नेमकी कुठे आणि कोणत्या शब्दांत सुचवावी, याबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या गावी, राधानगरी तालुक्यात, दूध संस्था आहे. सभासदांची नावे, सकाळ-संध्याकाळचे लिटर आणि फॅट यांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम त्याने प्रकल्प म्हणून लिहायला घेतला. नावाच्या रकान्यात चुकून आकडा पडू नये, म्हणून तो प्रत्येक नाव इजअल्फा या फंक्शनने तपासत होता. यादीतले ‘गणपत’ पार झाले, ‘कमल’ पार झाले. ‘नामदेव’ मात्र अडले आणि ‘सुलोचना’ही अडले. आपल्या टायपिंगमध्येच काही गफलत असणार असे समजून त्याने दोन दिवस तीच नावे वेगवेगळ्या कीबोर्डवरून पुन्हा पुन्हा टाइप करून पाहिली. माझ्याकडे आला तेव्हा तो अगदी हिरमुसला होता.

कारण आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. इजअल्फा दिलेल्या मजकुरातील प्रत्येक चिन्हाचा युनिकोडमधील (जगभरच्या लिप्यांतील चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणातील) वर्ग पाहते आणि सगळी चिन्हे ‘अक्षर’ या वर्गातली असतील तरच ट्रू (खरे) देते. ‘क’ हे अक्षर आहे. काना, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलंताचे चिन्ह यांना मात्र युनिकोडने ‘जोडचिन्ह’ या निराळ्या वर्गात ठेवले आहे. म्हणून ज्या नावात एकही मात्रा, अनुस्वार वा जोडाक्षर नाही, तेवढेच पार होते. आम्ही वर्गात आपल्या जिल्ह्याच्या १२ही तालुक्यांची नावे तपासली: करवीर, कागल, पन्हाळा, शाहूवाडी, हातकणंगले, शिरोळ, राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, गडहिंग्लज, आजरा आणि चंदगड. एकही पार झाले नाही. करवीर वेलांटीमुळे अडते, चंदगड अनुस्वारामुळे, आजरा शेवटच्या कान्यामुळे. उलट इजआयडेंटिफायर या फंक्शनला ‘करवीर’ मुळीच खटकत नाही, म्हणजे हाच शब्द पायथनमध्ये व्हेरिएबलचे नाव म्हणून बिनदिक्कत चालतो.

फंक्शनचे वागणे बदलावे, असे माझे म्हणणे नाही. कित्येक वर्षांचे प्रोग्रॅम त्यावर उभे आहेत. माझी तक्रार डॉक्युमेंटेशनमधील त्याच्या नोंदीबद्दल आहे. ती नोंद एका शब्दानेही चुकीची नाही. तिच्यात अक्षरवर्गाची पाचही सांकेतिक नावे दिली आहेत आणि युनिकोडच्या ‘अल्फाबेटिक’ या गुणधर्माहून ही व्याख्या वेगळी असल्याची सूचनाही आहे. पण काना हे ‘अक्षर’ नव्हे, ही गोष्ट ज्याला आधीपासून माहीत आहे त्यालाच त्या वाक्यांतून आपल्या अडचणीचे उत्तर सापडेल. माझ्या विद्यार्थ्याने ती नोंद वाचली होती, आणि वाचूनही त्याचे दोन दिवस गेले.

हीच गोष्ट रेग्युलर एक्स्प्रेशनमधील (मजकुरात नमुना शोधण्याच्या पद्धतीतील) ‘स्लॅश डब्ल्यू’ची, म्हणजे शब्दांतली चिन्हे टिपणाऱ्या \w या खुणेची आहे. जुन्या आवृत्त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये असे लिहिले होते की, कोणत्याही भाषेतील शब्दांत येणारी बहुतेक चिन्हे त्यात बसतात. मराठीपुरते ते विधान दिशाभूल करणारे होते, कारण ‘कोल्हापूर’ या शब्दावर तो नमुना चालवला की क, ल, ह, प आणि र असे पाच सुटे तुकडे हाती येतात. आता ते वाक्य बदलून इजअलनमच्या (अक्षर किंवा अंक तपासणाऱ्या फंक्शनच्या) व्याख्येकडे बोट दाखवले आहे. ते अचूक आहे; पण वाचकाला तिथून इजअलनम, तिथून इजअल्फा आणि तिथून युनिकोडचे वर्ग, असा तीन घरांचा प्रवास करावा लागतो.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. शेजारच्याच इजडिजिट या अंक तपासणाऱ्या फंक्शनच्या नोंदीत खरोष्ठी अंकांचा उल्लेख आहे. ती लिपी वापरातून जाऊन कित्येक शतके लोटली. तिचे अंक दशमान पद्धतीत बसत नाहीत, हे वाचकाला कळावे एवढ्यासाठी तिला तिथे जागा मिळाली आणि ते योग्यच झाले. मग आज कोट्यवधी लोक रोज लिहितात त्या लिप्यांतील मात्रांबद्दल एक वाक्य त्याच पानावर का असू नये?

मी केलेला मसुदा मराठीत असा आहे: ‘देवनागरीसह अनेक लिप्यांतील स्वरचिन्हे, अनुस्वार व हलंत ही युनिकोडमध्ये अक्षरवर्गात मोडत नाहीत, त्यामुळे ती चिन्हे असलेल्या शब्दांसाठी हे फंक्शन फॉल्स देते.’ त्याखाली ‘कमल’ आणि ‘कोल्हापूर’ अशी दोन उदाहरणे द्यावीत, असा विचार आहे. हे वाक्य इजअल्फाच्या नोंदीतच असावे, की इजअलनम आणि ‘स्लॅश डब्ल्यू’ या दोन्ही ठिकाणीही पुन्हा लिहावे? संदर्भाच्या नोंदी आटोपशीर ठेवण्याकडे कल असतो, हे मला मान्य आहे. म्हणूनच ‘हे शिकवणीच्या पानावर लिहा’ असे उत्तर येईल, अशी धास्ती वाटते. ज्यांनी पूर्वी अशा दुरुस्त्या पाठवल्या आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर

सर, नमस्कार. मी मूळचा इचलकरंजीचा. डॉक्युमेंटेशनच्या दोन-तीन किरकोळ दुरुस्त्या पाठवल्या आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

वाक्य इजअल्फाच्या नोंदीतच घाला आणि बाकी दोन्ही ठिकाणे तूर्त सोडा. इजअलनमची व्याख्याच इजअल्फावर उभी असल्यामुळे मुळाशी पाणी घातले की पुरते. एकच मजकूर तीन जागी लिहिला, तर पुढे एखादी जागा बदलायची राहून जाते.

उदाहरण मात्र बदला. तपासणारी व्यक्ती बहुधा देवनागरी वाचणारी नसेल, आणि ‘कोल्हापूर’मध्ये नऊ चिन्हे आहेत, त्यांतले नेमके कोणते अडते, हे तिला दिसणार नाही. त्याऐवजी ‘क’ला ट्रू आणि ‘का’ला फॉल्स, एवढे दोनच नमुने द्या. फरक एका चिन्हाचा आहे, हे लिपी न येणाऱ्यालाही डोळ्यांनी दिसेल.

‘अल्फाबेटिक’च्या सूचनेबद्दल एक खबरदारी घ्यावी. त्या गुणधर्मात काना, वेलांटी आणि अनुस्वार येतात, पण हलंताचे चिन्ह येत नाही. त्यामुळे ‘तो गुणधर्म वापरला असता तर मराठी शब्द पार झाले असते’ असे चर्चेत लिहू नका. पहिल्याच जोडाक्षरापाशी ते खोटे ठरेल.

कामाची पद्धत सांगायची तर, आधी गिटहबवर (पायथनचा कोड जिथे ठेवला आहे त्या संकेतस्थळावर) इश्यू, म्हणजे अडचणीची नोंद, उघडून त्या विद्यार्थ्याचा प्रसंग चार ओळींत मांडा. २०२२पासून पायथनचे इश्यू तिथेच हाताळले जातात. त्यानंतर पुल रिक्वेस्ट (आपला बदल सामावून घेण्याची विनंती) द्या; पहिल्यांदाच पाठवत असाल, तर योगदानाच्या करारावर ऑनलाइन सही करावी लागेल. दिलेली उदाहरणे डॉकटेस्टने (डॉक्युमेंटेशनमधील उदाहरणे तपासणाऱ्या साधनाने) चालवून पाहा.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. ‘क’ आणि ‘का’ची जोडी आज वर्गात फळ्यावर लिहिली आणि ज्या मुलांना माझे अर्ध्या तासाचे विवेचन कळले नव्हते, त्यांना ती दोन ओळींत कळली. इश्यूचा मसुदा तो विद्यार्थीच लिहितो आहे. हलंताबद्दलची आपली सूचना मी त्याला दाखवली आहे.

आता एक शंका उरली. त्याने प्रोग्रॅममध्ये युनिकोडडेटा मॉड्यूलमधील कॅटेगरी फंक्शन वापरून अक्षर आणि जोडचिन्ह हे दोन्ही वर्ग स्वीकारले, तेव्हा यादीतली जवळजवळ सगळी नावे पार झाली. एक ‘कऱ्हाडकर’ तेवढे अडले, कारण ते जुन्या पद्धतीने, साध्या ‘र’ला हलंत आणि मग अदृश्य जोडक लावून टाइप केलेले होते आणि तो जोडक या दोन्ही वर्गांत बसत नाही. इजअल्फाच्या नोंदीत ‘याऐवजी कॅटेगरी पाहा’ असे सुचवायचे, तर हा अपवादही तिथेच सांगावा लागेल आणि नोंद फुगेल. तो पर्याय नोंदीतून पूर्णपणे वगळून फक्त वागणे सांगावे, की युनिकोडवरील स्वतंत्र मार्गदर्शक पानाकडे दुवा द्यावा? आपले मत कळले, तर इश्यू त्याप्रमाणे लिहून या आठवड्यातच उघडतो.