सुपरहिरो ॲनिमेशन ‘मोठ्यांचं’ कशानं होतं? (‘अपोकोलिप्स वॉर’बद्दल, स्पॉयलर आहेत)

रातकिडा
‘जस्टिस लीग डार्क: अपोकोलिप्स वॉर’ (२०२०) पुन्हा पाहिला. डीसी या कॉमिक्स कंपनीच्या २०१३पासून चाललेल्या ॲनिमेशनपटांच्या मालिकेचा हा शेवट, अमेरिकेत ‘आर’ प्रमाणपत्र (सतराखालच्यांना मोठ्यांसोबतच) मिळालेला. सुपरहिरोंच्या टीमवरचा इतका प्रौढ चित्रपट मी तरी पाहिलेला नाही. सुपरमॅन सगळ्यांना घेऊन खलनायक डार्कसाइडच्या ग्रहावर चाल करून जातो आणि सुरुवातीलाच सगळं फसतं. पुढचं दृश्य थेट दोन वर्षांनंतरचं. पृथ्वी उद्ध्वस्त, सुपरमॅनच्या छातीवर क्रिप्टोनाइट (त्याला दुबळं करणारं खनिज) गोंदून त्याची शक्ती काढून घेतलेली, बॅटमॅन शत्रूचा गुलाम. चढाईचा निर्णय सुपरमॅनचा, किंमत मात्र सगळ्या जगानं मोजली. हे ओझं घेऊन तो उरलेल्यांना गोळा करत फिरतो. मला भिडलं ते हे.

चाफेकळी
साफ असहमत. टीन टायटन्सची, म्हणजे तरुण सुपरहिरोंच्या टीमची, कत्तल आठवा. हीच पात्रं आधीच्या चित्रपटांत आपल्यासमोर मोठी झाली होती. इथे काही क्षणांत त्यांची चिरफाड होते आणि कथा पुढे पळते. शोक करायला जागाच नाही. मोठ्यांसाठी लिहायचं तर मृत्यूनंतरची शांतताही लिहावी लागते. ९० मिनिटांत एवढी गर्दी कोंबली की उरतात फक्त तुटलेले अवयव.

पारिजात७
चाफेकळी +१. शिवाय ‘कार्टूनच आहे’ म्हणून घरातली मोठी माणसं हे लहान मुलांना लावून देतात. आमच्या भाच्याला असंच कुणीतरी लावून दिलं होतं, पोर रात्री झोपेना. प्रमाणपत्र बघत जा हो.

गावकुस
पारिजात, मुद्दा रास्त, पण तो पालकांचा झाला. चित्रपटाचा जीव कॉन्स्टंटाइन या जादूगारात आहे. पहिल्या लढाईत तो सहकारी जादूगार झटानाला मरायला सोडून पळतो आणि दोन वर्षं दारूत बुडून काढतो. मॅट रायनचा आवाज इथे फार मोठं काम करतो. २०१४च्या ‘कॉन्स्टंटाइन’ टीव्ही मालिकेत हीच भूमिका त्यानं पडद्यावर केली होती, त्यामुळे तो थकवा त्याच्या हाडात मुरलेला वाटतो. भित्रेपणाची लाज बाळगून जगणारा नायक मुलांसाठी कुणी लिहीत नाही.

चाफेकळी
आणि त्याच लाजेचं पुढे काय केलं? तो पळाला कारण झटानानंच त्याच्यावर मंत्र टाकला होता, तोही बॅटमॅनच्या आधीच ठरलेल्या बेतानुसार! म्हणजे तो भित्रा नव्हताच. सगळ्यात मोठं नैतिक ओझं लेखकांनी एका खुलाशात उतरवून टाकलं. बॅटमॅनच्या मुलाचं, डेमियनचंही तेच. बापाला वाचवताना मरतो, मग टायटन्समधली रेवन त्याला परत आणते. कोवळ्या प्रेक्षकाला सांभाळून घ्यावं तशी ही सवलत आहे, आणि वर ‘आर’चा शिक्का.

गावकुस
मंत्राचा मुद्दा मान्य, तिथे मलाही खटकलं. पण खुलाशानंतर त्याचा राग बॅटमॅनकडे वळतो, तो मला खरा वाटला. माणसांना प्याद्यांसारखं वापरणाऱ्या बॅटमॅनला तिथे कुणी निर्दोष ठरवत नाही.

रातकिडा
डेमियनचं मान्य. शेवटाबद्दल मात्र बोलायला हवं. डार्कसाइडचा काटा काढला तरी पृथ्वी वाचण्यापलीकडे गेली आहे. म्हणून कॉन्स्टंटाइन अतिवेगवान फ्लॅशला भूतकाळात धावायला सांगतो. याच फ्लॅशनं आईला वाचवायला काळ बदलला होता, २०१३च्या ‘फ्लॅशपॉइंट पॅराडॉक्स’मध्ये, आणि हे जग त्यातूनच घडलं. आता ते पुसायचं कामही त्याच्याच वाट्याला. जिंकूनही जग टिकत नाही, एवढं कडू उत्तर देणारे चित्रपट किती?

चाफेकळी
पण सगळं पुसलं जाणार असेल तर सुपरमॅनच्या ज्या निर्णयावर तुम्ही धागा काढलात, त्याचा हिशोब कुणी दिला? नव्या जगात त्याला काही आठवणारही नाही. शेवटी फ्लॅश धावायला निघतो, तिथे सुपरमॅनच्या तोंडी त्या चढाईबद्दल दोन वाक्यं असती, तर मी तुमच्या बाजूने आले असते.