चाखण्याचा क्रमही पाहावा
वाइनच्या स्पर्धेत बाटल्यांवरची नावे झाकून फक्त क्रमांक ठेवले की परीक्षण निःपक्षपाती होते, असे म्हटले जाते आणि ते मान्य आहे. मात्र तेवढ्याने भागत नाही. आमच्या मित्रमंडळींच्या घरगुती स्पर्धेत एकदा मधाच्या गोड वाइननंतर लगेच सफरचंदाची ड्राय (म्हणजे गोडवा जवळपास नसलेली) वाइन आली आणि ती सर्वांना चक्क आंबट लागली. तीच बाटली (माझीच होती, हे कबूल करतो) तासाभराने, पाणी पिऊन आणि कोरा पाव खाऊन पुन्हा चाखली, तेव्हा तिचे गुण 20 पैकी 11 वरून 15 वर गेले. जिभेवर गोडवा रेंगाळत असताना आम्लता अधिक टोचते, म्हणून ड्राय वाइन आधी आणि गोड शेवटी ठेवावी. पांढऱ्या वाइन फार थंडही देऊ नयेत, कारण थंडाव्यात सुगंधाबरोबर दोषही दबतात.