बाबांचं पोट साफ होत नाही, काय करू?

दारव्ह्याजवळच्या खेड्यातून लिहितो. बाबा 63 वर्षांचे. दोन महिन्यांपासून पोट साफ नाही, दोनदा रक्तही दिसलं. ते म्हणतात, मूळव्याध हाये, एरंडेल घेतो.

वावरवाली: भाऊ, माह्या सासऱ्याचं असंच होतं, रक्त मात्र नव्हतं. वेचणीत दिवसभर वावरात, पाणी एकच बाटली! ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी अन् पाणी वाढवलं, तवा फरक पडला. इसबगोलावर गिलासभर पाणी पाहिजेच, नाहीतर अडकते.

जुना कंपाउंडर: रक्त म्हणजे मूळव्याधच, असं काहून धरता? या वयात सवय बदलली अन् रक्त आलं, तर दुर्बिणीनं मोठं आतडं तपासावं लागू शकते. एरंडेल थांबवा, यवतमाळला सर्जनला दाखवा.

प्रश्नवाला: बाबा लाजतात. सोमवारी बियाण्याचं निमित्त सांगून नेतो.